गुडघ्याचा तुटलेला बंध

पायाचें हाड मोडलें म्हणजे घरांतील सर्व मंडळी जागीं होतात. क्ष-किरणांचें चित्र निघतें, प्लास्टर बसतें, शेजारीपाजारी समाचाराला येतात, आणि कांहीं आठवड्यांनीं हाड सांधलें कीं त्या प्रकरणावर पडदा पडतो. गुडघ्यांतील बंध तुटतो त्या वेळीं यांतील बहुतेक गोष्टी घडत नाहींत. तरुण मुलगा कबड्डीच्या डावांत पाय रोवून एकदम अंग वळवितो, मुलगी बास्केटबॉल खेळतांना उडी मारून एका पायावर उतरते, किंवा घसरणारी दुचाकी सांवरण्याकरितां कोणी जमिनीवर पाय टेकवितो. गुडघ्यांत ‘कट्’ असा आवाज होतो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि दोन-चार तासांत गुडघा सुजून टणक होतो. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें शाबूत दिसतात. मग ‘मुका मार आहे’ असें ठरतें, शेक-लेप होतो, एखादा जाणता मालिशवाला येऊन जातो. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, चालणें पूर्ववत् होतें, आणि घर निश्चिंत होतें. पुढें महिन्या-दोन महिन्यांनीं जिना उतरतांना, किंवा रस्त्यांत कोणी हांक मारली म्हणून चटकन् मागें वळतांना, तोच गुडघा कोणीं खालून काढून घ्यावा तसा निसटतो. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

गुडघा हा शरीरांतील सर्वांत मोठा सांधा. परंतु त्याची हाडांची घडण पाहिली तर तो जागेवर राहतो कसा याचेंच नवल वाटावें. खुब्याच्या सांध्यांत मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटींत बसलेला असतो. तो सहजासहजीं बाहेर पडूं शकत नाहीं. गुडघ्यांत तसला कांहींहि आधार नाहीं. मांडीच्या हाडाचीं दोन गोलाकार टोकें नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलीं असतात. पाटावर दोन नारळ शेजारीं शेजारीं ठेवावे, तशी ही रचना आहे. नारळ घरंगळूं नयेत म्हणून त्यांच्या बुडाखालीं चुंबळीसारख्या दोन चंद्रकोरी गाद्या आहेत, आणि सर्व डोलारा आवळून धरण्याकरितां चार बळकट अस्थिबंध आहेत. यांतले दोन सांध्याच्या बाहेरून, एक आंतल्या व एक बाहेरच्या बाजूला, उभे जातात. उरलेले दोन सांध्याच्या ऐन गाभ्यांत एकमेकांस फुलीसारखे छेदून जातात; त्यांना पुढचा व मागचा फुलीबंध म्हणतां येईल. इस्पितळांतून ‘ए. सी. एल.’ हीं जीं तीन अक्षरें वारंवार कानीं पडतात, तीं या पुढच्या फुलीबंधाचीं.

हा बंध सुमारें सव्वा इंच लांब आणि करंगळीएवढा रुंद असतो. नडगीचें हाड पुढें सरकूं न देणें आणि तें आंतल्या अंगास प्रमाणाबाहेर फिरूं न देणें, हीं त्याचीं दोन कामें. तरुण माणसांचे बंध प्रयोगशाळेंत ताणून पाहिले तेव्हां ते तुटण्यास सरासरीनें २२० किलो वजनाइतका ओढा लागला. साठीच्या पुढील माणसांत हीच शक्ति एक तृतीयांशावर आलेली आढळली. बंधांत संवेदनेच्या मज्जातंतूंचीं टोकेंहि असतात. गुडघा किती वांकला आहे, भार कोणत्या बाजूला पडतो आहे, याची बातमी तेथून वर जाते आणि मांडीचे स्नायू त्या बातमीवर वेळेवर आवळले जातात. एतावता बंध तुटला म्हणजे दोर तुटतोच, शिवाय पहारेकरीहि जातो. आणि नवा दोर बांधला तरी पहारेकरी त्याच दिवशीं कामावर परत येत नाहीं, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरते.

निदानाला मोठी यंत्रसामग्री लागते अशी समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. १८७५ सालीं पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत नूलिस नांवाच्या ग्रीक वैद्यानें एक साधी परीक्षा वर्णिली होती: गुडघा थोडासा वांकवून एका हातानें मांडी घट्ट धरावी व दुसऱ्या हातानें नडगी पुढें ओढून पहावी. बंध शाबूत असेल तर ओढ एकदम अडते. तुटला असेल तर नडगी पुढें येतच जाते, आणि अटकावाचा तो ठाम शेवट हाताला लागत नाहीं. हीच परीक्षा फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नांवानें १९७६ मध्यें त्यांच्या शिष्यांनीं प्रसिद्ध केली आणि ती जगभर रूढ झाली. दुसऱ्या पायाशीं तुलना करून अनुभवी हातानें ती केली तर निदान बहुधा चुकत नाहीं. चुंबकीय चित्र, म्हणजे एम. आर. आय., काढावयाचें तें मुख्यतः गाद्या फाटल्या आहेत काय आणि आणखी कोणकोणतीं नुकसानें झालीं आहेत हें पाहण्याकरितां. दुखापतीनंतर कांहीं तासांतच गुडघ्यांत रक्त सांचून तो तट्ट फुगला, तर हाड मोडलेलें नसलें तरी आंतला बंध तुटल्याचा संशय घ्यावा, एवढें घरांतील माणसांनींहि ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं. पाऊल थंड पडलें, बधिर झालें, किंवा घोट्याजवळ नाडी लागेनाशी झाली, तर मात्र क्षणाचाहि विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. कारण अनेक बंध एकदम तुटून सांधा निखळला असतां मागची रक्तवाहिनी दुखावते आणि पायच धोक्यांत येतो.

आतां शस्त्रक्रियेकडे वळावयाचें. तुटलेला दोर गांठ मारून जोडावा, तसा तुटलेला बंध शिवून टाकावा, हें कोणाच्याहि मनांत प्रथम येईल. शस्त्रवैद्यांच्याहि मनांत तेंच आलें. १८९५ सालीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं मेयो रॉब्सन यांच्याकडे ४१ वर्षांचा एक खाणकामगार आला. खाणींत अंगावर दरड कोसळून त्याचा गुडघा निकामी झाला होता. रॉब्सन यांनीं सांधा उघडला, दोन्ही फुलीबंध वरच्या टोकाशीं सुटलेले त्यांना दिसले, आणि त्यांनीं ते आपापल्या जागीं शिवून टाकले. सहा वर्षांनीं त्या कामगाराचा पाय चांगल्या स्थितींत होता. १९०३ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि शिवण्याच्या पद्धतीला एक मोठा पाठिंबा मिळाला.

परंतु एका खाणकामगारावरून नियम बांधतां येत नाहीं. सांध्याच्या बाहेरचा, आंतल्या बाजूचा बंध तुटला तर तो पट्टा लावून कांहीं आठवड्यांत बहुधा आपोआप सांधतो. शस्त्राची गरज क्वचितच पडते. फुलीबंधाचें तसें होत नाहीं, आणि याचें कारण त्याच्या शक्तींत नसून त्याच्या जागेंत आहे. शरीराच्या कोणत्याहि जखमेंत प्रथम रक्त येतें, तें गोठतें, आणि त्या गोठलेल्या रक्ताच्या जाळ्यावर नव्या पेशी चढून दोन्ही कडांमध्यें पूल बांधतात. मांडवावर वेल चढावा तसा हा प्रकार असतो. फुलीबंध सांध्याच्या वंगणांत बुडालेला आहे. तेथें तुटलेल्या टोकांतून रक्त येतें खरें, पण सांध्यांतील रस त्याची गांठ टिकूं देत नाहीं. ती विरघळून जाते. मांडवच उभा राहत नाहीं, मग वेलानें चढावें कशावर? टोकें आंखडतात, विरतात, कित्येक वेळां शेजारच्या मागच्या बंधाला जाऊन चिकटतात. शिवण घातली तरी ती केवळ टोकें जवळ आणते. मधला पूल तिच्यानें बांधला जात नाहीं.

हें कारण इतकें स्पष्टपणें कळण्यापूर्वींच कांहीं धोरणी शस्त्रवैद्यांनीं दुसरी वाट धरली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ब्रिस्टल येथील अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनीं १९१७ सालीं मांडीच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या चिवट पडद्याची एक पट्टी घेऊन, हाडांतून बोगदे कोरून, ती मूळ बंधाच्या वाटेनें ओंवली. जुनें शिवावयाचें नाहीं, त्याच्या जागीं रोग्याच्याच शरीरांतलें दुसरें कांहीं तरी नवें बसवावयाचें, ही आजच्या शस्त्रक्रियेची सगळी कल्पना त्यांत बीजरूपानें आलेली आहे. १९३६ सालीं अमेरिकेंत मेंफिसच्या विलिस कँपबेल यांनीं गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पट्टी त्याच कामीं वापरल्याचें लिहिलें. तथापि शिवणीचा मोह सुटला नाहीं. १९३८ सालीं स्टॉकहोमच्या ईव्हार पाल्मर यांनीं गुडघ्याच्या बंधांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत लवकर शिवण्याचाच पक्ष त्यांनीं घेतला, आणि पुढें कित्येक वर्षें अनेक ठिकाणीं तेंच चाललें. त्या पक्षावर घाव पडला तो १९७६ सालीं. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांतील तरुणांचे बंध शिवण्यांत आले होते. पहिल्या दोन वर्षांत त्यांचे निकाल उमेद वाटावी असे होते. पांच वर्षांनीं त्याच तरुणांस पुन्हां तपासलें तेव्हां बहुतेकांचे गुडघे परत सैल झालेले आढळले. ज्यांनीं प्रथमचे चांगले निकाल मांडले होते त्याच मंडळींनीं पुढचे वाईट निकालहि प्रसिद्ध केले, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. वैद्यकांत दोन वर्षांच्या यशावर विसंबणें किती घातक असतें, याचें इतकें स्वच्छ उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

यानंतर कांहीं काळ कृत्रिम दोऱ्यांचें युग आलें. कोळशाचे तंतु, डेक्रॉन, गोर-टेक्स अशा पदार्थांचे बंध १९८० च्या दशकांत पुष्कळ गुडघ्यांत बसविले गेले. रोग्याच्या शरीरांतून कांहीं कापून घ्यावयास नको, आणि दोर पहिल्या दिवसापासून बळकट. ही सोय कोणालाहि मोहांत पाडील अशीच होती. परंतु विहिरीच्या कांठावर घांसून सोलाचे धागे सुटत जावे, तसे हे दोर बोगद्याच्या कडेवर झिजूं लागले. झिजलेले कण सांध्यांत पडून गुडघे वारंवार सुजूं लागले, आणि कांहीं वर्षांत दोर तुटले. सजीव बंध रोज थोडा झिजतो आणि रोज थोडा भरून निघतो. निर्जीव दोर केवळ झिजतो. ते प्रयोग बहुतांशीं सोडून द्यावे लागले.

दुसरीकडे एक अगदीं वेगळी सुधारणा आकारास येत होती. १९१८ सालीं टोकियोच्या केंजी ताकागी यांनीं मूत्राशय पाहण्याची नळी एका मृत देहाच्या गुडघ्यांत घालून आंतला भाग पाहिला. त्यांची चिंता क्षयाची होती. क्षयानें गुडघा कायमचा आंखडला म्हणजे जपानी माणसाला जमिनीवर आपल्या रीतीनें बसतां येत नाहीं, आणि तेथील समाजांत हें मोठेंच अपंगत्व; तें टाळावयाचें तर रोग लवकर दिसावा, हा त्यांचा हेतु. जमिनीवर पंगत मांडणाऱ्या महाराष्ट्रास ही चिंता समजावून सांगावयास नको. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनीं ती दुर्बीण व्यवहारोपयोगी केली, आणि १९८० सालीं इंग्लंडांत डेव्हिड डँडी यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें फुलीबंध बसविला. आज ही शस्त्रक्रिया बहुतेक सर्वत्र अशीच होते. गुडघा उघडावा लागत नाहीं. दोन-तीन बारीक छिद्रें आणि कलम काढण्याकरितां एक लहान छेद, एवढ्यावर काम भागतें.

कलम हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे, कारण झाडाच्या कलमाशीं या क्रियेचें साम्य वरवरचें नाहीं. कलम घ्यावयाचें कोठून, हा पहिला प्रश्न. एक प्रकार वाटीखालच्या कंडरेचा: तिचा मधला एक तृतीयांश पट्टा दोन्ही टोकांस हाडाच्या लहान ढलपीसह काढतात. हाडाच्या बोगद्यांत हाडच बसत असल्यानें तें सुमारें सहा आठवड्यांत पक्कें धरतें. म्हणून धांवपटू व व्यवसायी खेळाडू यांकरितां कित्येक शस्त्रवैद्य हाच प्रकार पसंत करतात. त्याचें वैगुण्य असें कीं, पुढें गुडघे टेकून बसणें पुष्कळांना दुखतें. परदेशीं ग्रंथांत या दुखण्याचा उल्लेख बहुधा एका ओळींत आटोपतो. ज्या घरांत देवापुढें गुडघे टेकावयाचे, नमाज पढावयाचा, किंवा ज्याची भाकरीच फरशा बसविण्यावर वा सुतारकीवर अवलंबून आहे, त्या घरांत ती ओळ फार मोठी होते. शस्त्रवैद्याला हें आपण होऊन सांगितलें पाहिजे. तो विचारीलच असें नाहीं.

दुसरा प्रकार गुडघ्याच्या मागल्या लवणींत हाताला लागणाऱ्या दोऱ्यांचा. मांडीच्या मागील दोन स्नायूंच्या लांब कंडरा काढून त्यांची चौपदरी घडी घालतात. छेद लहान, पुढचें दुखणें कमी, आणि चौपदरी घडीचें बळ मूळ बंधाहून अधिक. गमतीची गोष्ट ही कीं, काढून घेतलेली कंडरा पुष्कळ रोग्यांत पालीच्या शेपटीप्रमाणें कमीअधिक प्रमाणांत पुन्हां वाढते. परंतु मऊ कंडरा हाडांत धरण्यास अधिक वेळ लागतो, आणि गुडघा पूर्ण वांकवून ओढण्याची शक्ति थोडी उणावते. मांडी मागें ओढण्याच्या बळावर ज्याचे डाव चालतात, अशा मल्लानें वा कबड्डीपटूनें याचा विचार करावा. तिसरा प्रकार वाटीच्या वरच्या जाड कंडरेचा. तो अलीकडे अधिक प्रचारांत येत आहे. मृत दात्याकडून मिळालेली कंडराहि वापरतात, परंतु तरुण खेळाडूंत ती पुन्हां तुटण्याचें प्रमाण स्वतःच्या कलमापेक्षां बरेंच अधिक असल्यानें त्या वयांत ती शक्यतों टाळावी.

लोक विचारतात तें कलमाविषयीं आणि स्क्रूविषयीं. तो धातूचा कीं विरघळणारा, देशी कीं विलायती. यश खरोखर अवलंबून असतें तें बोगदा कोठें पडला यावर. मूळ बंध हाडाला ज्या जागीं चिकटलेला होता, तेथून कांहीं मिलिमीटर इकडे-तिकडे बोगदा झाला तर कलम एक तर वांकतांना ताणून तुटतें, किंवा उभें राहून अर्धेंच काम करतें. एके काळीं सोयीकरितां बोगदे असे पाडले जात कीं नवा बंध मूळ बंधापेक्षां उभा बसे. असा गुडघा टेबलावर ओढून पाहिला तर घट्ट लागे. पण रोगी मैदानावर वळला कीं निसटे, कारण पुढें सरकणें अडलें तरी फिरणें अडलेलें नसे. पुन्हां कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांच्या कारणांत बोगद्याची चूक हें एक ठळक कारण आहे.

या फिरण्याच्या प्रश्नानेंच एका जुन्या निरीक्षणाला नवें मोल आलें. १८७९ सालीं पॅरिसचे पॉल सेगों यांनीं गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस मोत्याच्या रंगाचा एक चिवट पट्टा पाहिला होता; गुडघा जबरीनें पिळला म्हणजे तो हाडाची एक लहान कपची उखडून नेतो, हेंहि त्यांनीं नोंदविलें होतें. १३४ वर्षांनीं, २०१३ मध्यें, बेल्जममधील लूव्हेन येथील शस्त्रवैद्यांनीं त्या पट्ट्याचें सविस्तर वर्णन केलें तेव्हां जगभर त्याची चर्चा झाली. आतां आंतल्या कलमाच्या जोडीला बाहेरूनहि एक पट्टी बांधण्याची पद्धत आहे. तरुण व विशेष धोक्यांतील ६१८ रोग्यांवर कॅनडा व यूरोप येथें झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत नुसतें मागच्या कंडरेचें कलम बसविलेल्यांपैकीं दोन वर्षांत शंभरांतील ११ जणांचें कलम तुटलें. बाहेरची पट्टी दिलेल्यांत हें प्रमाण ४ वर आलें. प्रत्येकास या पट्टीची गरज नाहीं. पण सोळा-सतरा वर्षांचा, लवचीक सांध्यांचा, वळणावळणाच्या खेळांत परत जाऊं इच्छिणारा मुलगा असेल तर ती विचारांत घेण्याजोगी आहे. त्याहून लहान मुलांच्या हाडांत वाढीचे पट्टे अजून उघडे असतात. तेथें बोगदा चुकला तर पाय वांकडा वाढण्याचें भय, म्हणून त्यांची शस्त्रक्रिया वेगळ्या वाटेनें करतात, आणि ती त्या कामांत मुरलेल्या हातानेंच व्हावी.

येथवर शस्त्रक्रिया कशी होते हें पाहिलें. ती करावी कीं नाहीं, हा खरा कौटुंबिक प्रश्न. यावर घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चित्रांत बंध तुटलेला स्वच्छ दिसतो, मग वाट कसली पहावयाची? दुसरा म्हणतो, मुलगा चालतो आहे, मग उगाच कापाकापी कशाला? दोघेहि एकाच चुकीच्या जागीं पाहत असतात. शस्त्रक्रिया चित्रावर करावयाची नसते आणि चालण्यावरून टाळावयाचीहि नसते. निरोगी स्नायूंच्या जोरावर सरळ रस्त्यानें चालणें बंधाशिवायहि साधतें. पहावयाचें तें असें कीं, गुडघा निसटतो काय, आणि त्या गुडघ्याकडून पुढें काय काम घ्यावयाचें आहे.

स्वीडनमध्यें १२१ तरुणांवर या प्रश्नाचें परीक्षण झालें व २०१० सालीं तें प्रसिद्ध झालें. निम्म्यांवर लौकर शस्त्रक्रिया केली. उरलेल्या ५९ जणांना प्रथम नियमबद्ध व्यायाम दिला आणि गरज लागली तरच पुढें शस्त्रक्रिया करावयाची असें ठरविलें. दोन वर्षांनीं दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितींत लक्षांत घेण्याजोगा फरक दिसला नाहीं. पांच वर्षांपर्यंत त्या ५९ पैकीं ३० जणांनीं शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे निम्म्यांना ती लागली आणि जवळजवळ निम्म्यांना लागलीच नाहीं. उलट, इंग्लंडांत ज्यांचा गुडघा दुखापतीनंतर पुष्कळ दिवस उलटूनहि निसटतच होता अशा ३१६ लोकांचें परीक्षण २०२२ सालीं पुढें आलें. त्यांत शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. या दोहोंचा मेळ घातला तर धोरण असें दिसतें: सूज उतरूं द्यावी, गुडघा पूर्ण सरळ होऊं द्यावा, तीन महिने कसून व्यायाम करावा, त्यानंतरहि गुडघा निसटत असेल, किंवा रोग्यास वळणें, उड्या, झोंबाझोंबी यांच्या खेळांत परत जावयाचें असेल, तर शस्त्रक्रिया करावी. सुजलेल्या, आंखडलेल्या गुडघ्यावर घाईनें केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदां ताठ गुडघा मागें ठेवते. गादी फाटून सांध्यांत अडकली असेल तर मात्र थांबूं नये.

निसटणारा गुडघा तसाच वापरीत राहणें हा सर्वांत वाईट मार्ग. प्रत्येक निसटण्यासरशीं वरचें हाड चुंबळीच्या गादीला चिरडतें. पूर्वीं फाटलेली गादी सरसकट काढून टाकीत. ती गेली म्हणजे हाडावर हाड घांसून संधिवात लौकर येतो, हें उमगल्यावर आतां शक्य तेथें ती शिवतात. बंध नवा बसविला म्हणजे संधिवात कायमचा टळतो, असें आश्वासन मात्र कोणीं देऊं नये. बंध तुटला त्या क्षणीं कूर्चेला जो धक्का बसला, तो शस्त्रक्रियेनें पुसला जात नाहीं.

शस्त्रक्रियेनंतर घडतें तें फारच थोड्या लोकांना समजावून सांगितलें जातें. बसविलेलें कलम आपल्या मूळच्या रक्तपुरवठ्यापासून तुटलेलें असतें. पहिल्या आठवड्यांत त्यांतील पेशी मरतात. मग भोंवतालच्या भागांतून नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, जुने धागे मोडून नवे रचले जातात. या मोडणी-बांधणीच्या काळांत, म्हणजे साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास, कलम सर्वांत दुबळें असतें. दुर्दैव असें कीं, नेमकें याच वेळीं रोग्याला बरें वाटूं लागतें. कुबड्या सुटलेल्या असतात, दुखणें थांबलेलें असतें, आणि व्यायाम शिकविणाराची फी अनाठायीं वाटूं लागते. शस्त्रक्रियेस लाखाचा खर्च बिनतक्रार करणारें घर तिसऱ्या महिन्यांत व्यायाम बंद करतें, आणि मुलगा सहाव्या महिन्यांत मैदानावर उतरतो. नॉर्वेमधील एका पाहणींत असें आढळलें कीं, नवव्या महिन्यापर्यंत खेळावर परतणें जितके महिने लांबवावें, तितक्या वेळां पुन्हां दुखापत होण्याचा धोका सुमारें निम्म्यानें घटत जातो. तारखेवर तरी सगळें ठेवूं नये. मांडीच्या पुढच्या स्नायूचें बळ आणि एका पायावर मारलेल्या उडीचें अंतर, हीं दोन्ही चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आलीं आहेत काय, हें मोजून पहावें. पंचविशीच्या आंत खेळांत परतणाऱ्यांपैकीं चार-पांचांमागें एकाचा गुडघा पुन्हां दुखावतो. कधीं तोच, कधीं दुसरा. मुलींत ही दुखापत मुळांतच मुलांच्या दुपटी-तिपटीनें होते. उडी मारून उतरतांना गुडघे आंत न पाडतां कसें उतरावें, याचा खेळापूर्वीं पंधरा-वीस मिनिटांचा सराव नेमानें केला तर तिचें प्रमाण निम्म्यापर्यंत उतरतें. शाळांच्या क्रीडाशिक्षकांनीं हें मनावर घेतलें तर त्याला खर्च कांहींच नाहीं.

शिवणीचा विचार मात्र अगदींच मेलेला नाहीं. बोस्टन येथील मार्था मरे यांनीं मूळ अडचणीलाच हात घातला: रक्ताची गांठ टिकत नाहीं ना, मग तिला टिकण्यास घर द्यावें. गाईच्या ऊतींतून काढलेल्या द्रव्याचा स्पंजासारखा एक ठोकळा त्यांनीं तयार केला. त्यांत रोग्याचेंच रक्त भिजवून तो तुटलेल्या टोकांमध्यें बसवावयाचा आणि टोकें शिवणीनें जवळ आणावयाचीं. वेल चढण्यास मांडव मिळाला. अमेरिकेंत २०२० च्या डिसेंबरांत या पद्धतीस सरकारी मान्यता मिळाली. तुटल्यापासून थोड्याच दिवसांत शस्त्रक्रिया झाली पाहिजे व खालचें टोक शिल्लक असलें पाहिजे, अशा तिच्या अटी आहेत. ऑस्ट्रेलियांतील सिडनीच्या मंडळींनीं तर शस्त्रच बाजूस ठेवलें. गुडघा काटकोनांत वांकविला असतां तुटलेलीं टोकें एकमेकांच्या जवळ येतात, या आधारावर त्यांनीं ८० रोग्यांचे गुडघे चार आठवडे काटकोनांतच पट्ट्यानें बांधून ठेवले व पुढें हळूहळू सोडले. तीन महिन्यांनीं काढलेल्या चुंबकीय चित्रांत ७२ जणांचा बंध सांधत आलेला दिसला. तुलनेस दुसरा गट नव्हता, आणि चित्रांतील सर्वच बंध सारखे घट्ट नव्हते. त्या ८० पैकीं ११ जणांचा बंध पुढें पुन्हां तुटला.